एका कोचचं पत्र दोनदा सुप्रीम कोर्टात गेलं: सरकारी आणि खासगी शाळांची मॅच 'फेअर' कशी करायची?

१९९७ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराला लागून ब्रेंटवुड अकॅडमी नावाची एक खासगी शाळा आहे. तिथल्या फुटबॉल कोचनं आठवीतल्या काही मुलांना पत्र पाठवलं. या मुलांचा ब्रेंटवुडमधला प्रवेश ठरला होता, पण शाळेत जायला त्यांनी अजून सुरुवात केली नव्हती.

पत्रात फारसं काही नव्हतं. सराव सुरू होतोय, या. खेळाचं साहित्य मिळेल. जितक्या लवकर याल तितका तुमचाच फायदा. खाली सही होती, 'तुमचा कोच'.

एवढ्यावरून राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेनं शाळेला ३,००० डॉलरचा दंड केला. चार वर्षं प्रोबेशनवर ठेवलं. फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉल टीमला दोन वर्षं प्लेऑफ खेळायला बंदी घातली. शाळा कोर्टात गेली. प्रकरण दहा वर्षं चाललं आणि या काळात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्यावर दोनदा निकाल दिला, २००१ मध्ये आणि २००७ मध्ये.

सरावाला बोलावणाऱ्या एका पत्रात एवढं काय होतं? उत्तर समजून घ्यायचं तर अमेरिकेतलं एक जुनं भांडण समजून घ्यावं लागेल. सरकारी शाळा आणि खासगी शाळा यांनी एकाच ट्रॉफीसाठी खेळावं का?

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहिलेलं असेल तर ती शाळा बहुतेक वेळा भरपूर फी घेणारी खासगी शाळा असते. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. फी नाही. खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता कर आणि राज्य सरकारच्या पैशातून येतो. तिथली बहुसंख्य मुलं अशाच शाळांत शिकतात. खासगी शाळांत जाणारी मुलं साधारण दहातलं एक. या खासगी शाळांमध्ये कॅथलिक चर्चशी जोडलेल्या शाळा खूप आहेत. गोंधळ नको म्हणून या लेखात आपण 'सरकारी' आणि 'खासगी' असेच शब्द वापरू.

दुसरी गोष्ट, तिथे शालेय खेळ म्हणजे पीटीचा तास नव्हे. देशभरात लाखो मुलं-मुली हायस्कूलच्या टीममधून खेळतात. छोट्या गावात शुक्रवारी रात्री शाळेची फुटबॉल मॅच असली की अर्धं गाव स्टेडियममध्ये असतं. शाळेतली कामगिरी बघून कॉलेजं स्कॉलरशिप देतात, आणि कॉलेजची फी घरच्यांना परवडणारी नसेल तर ही स्कॉलरशिप म्हणजे आयुष्य बदलणारी गोष्ट असते. कोणती शाळा फायनलला पोचली यावर म्हणूनच बरंच काही अवलंबून असतं.

या स्पर्धा प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना भरवते. नियमही तीच करते. त्यामुळे एकाच प्रश्नाची पन्नास राज्यांत पन्नास उत्तरं सापडतात.

शाळांचे 'वर्ग' कशासाठी?

बॉक्सिंगमध्ये जसे वजनगट असतात, तसेच अमेरिकेत शाळांचे गट असतात. वजनाऐवजी विद्यार्थीसंख्या मोजतात. ३०० मुलांची शाळा एका गटात, ३,००० मुलांची दुसऱ्या गटात.

कारण सरळ आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर ११ खेळाडू असतात, पण मोठ्या शाळा आक्रमणासाठी एक टीम आणि बचावासाठी दुसरी टीम उतरवतात. छोट्या शाळेत तेवढी मुलंच नसतात. तीच ११ मुलं दोन्हीकडे खेळतात आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये दमलेल्या अंगानं समोरच्या ताज्या दमाच्या, वजनदार खेळाडूंना भिडतात. या खेळात टक्कर होतेच. म्हणजे प्रश्न फक्त स्कोअरबोर्डचा नाही, दुखापतीचाही आहे.

गट करायला विरोधही झाला. इंडियाना राज्यात बास्केटबॉलची एकच सामायिक स्पर्धा असायची. १९५४ मध्ये मायलन नावाच्या गावातल्या, जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेनं तिच्या कितीतरी पट मोठ्या मन्सी सेंट्रल शाळेला ३२-३० असं हरवून राज्याचं विजेतेपद मिळवलं. या घटनेवरून प्रेरणा घेऊन १९८६ मध्ये 'हूजियर्स' हा सिनेमा निघाला. लोक अजून त्या मॅचबद्दल बोलतात. पण बोलतात याचं कारण असं काही क्वचितच घडतं. १९९७-९८ च्या हंगामापासून इंडियानानंही बास्केटबॉलमध्ये गट केले.

मग भांडण कशावरून?

विद्यार्थीसंख्या मोजून गट पाडले की हिशेब पूर्ण व्हायला हवा. होत नाही. कारण शाळेत किती मुलं आहेत हे कळलं तरी ती मुलं तिथे कशी आली हे कळत नाही.

सरकारी शाळेला साधारणपणे हद्द असते. या रस्त्यापासून त्या ओढ्यापर्यंत राहणारी मुलं या शाळेत, पलीकडची त्या शाळेत. त्या हद्दीत यंदा उंच मुलं जन्माला आली असतील तर बास्केटबॉलची टीम चांगली, नसतील तर नाही. कोचच्या हातात जे येईल त्यातूनच टीम उभी करायची.

खासगी शाळेला अशी हद्द नसते. ती सगळ्या शहरातून, कधी शेजारच्या जिल्ह्यांतूनही मुलं घेऊ शकते. कुणाला घ्यायचं हे ठरवू शकते. गरज बघून फीमाफी देऊ शकते. त्यामुळे ५०० मुलांची सरकारी शाळा आणि ५०० मुलांची खासगी शाळा कागदावर सारख्या दिसल्या तरी एक गावातल्या ५०० मुलांतून टीम निवडते, तर दुसरीच्या दाराशी अख्ख्या शहरातून मुलं येतात.

याचं टोकाचं उदाहरण कॅलिफोर्नियात दिसतं. तिथे फुटबॉलची सर्वात वरची राज्य स्पर्धा म्हणजे 'ओपन डिव्हिजन'. २०१६ ते २०२४ या काळात, करोनामुळे न झालेलं २०२० चं वर्ष सोडलं, तर ती आठ वेळा झाली. आठही वेळा ट्रॉफी दोनच शाळांकडे गेली. मॅटर डे पाच वेळा, सेंट जॉन बॉस्को तीन वेळा. दोन्ही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, दोन्ही कॅथलिक, दोन्ही खासगी.

खासगी शाळांची बाजू काय?

इथपर्यंत वाचून 'खासगी शाळांना बाहेर काढा' असं वाटलं असेल तर जरा थांबा. त्यांच्या बाजूलाही वजन आहे.

पहिला मुद्दा, मॅटर डे हा अपवाद आहे. बहुतेक खासगी शाळा छोट्या असतात, अनेकींना मैदान भाड्यानं घ्यावं लागतं आणि त्या दरवर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून घरी जातात. दोन-चार बलाढ्य शाळांमुळे सगळ्यांना का शिक्षा?

दुसरा मुद्दा, पैसा फक्त खासगी शाळांकडेच असतो असं कोण म्हणालं? टेक्सासमधल्या ॲलन या शहरात सरकारी हायस्कूलसाठी २०१२ मध्ये १८,००० प्रेक्षकांचं स्टेडियम उघडलं. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. शहरातल्या मतदारांनीच त्यासाठी कर्ज उभारायला मंजुरी दिली होती. गरीब वस्तीतल्या एखाद्या खासगी शाळेसमोर अशी सरकारी शाळा उभी राहिली तर बिचारं कोण?

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. गरीब घरातल्या एखाद्या मुलीला खेळाच्या जोरावर चांगल्या शाळेत प्रवेश आणि फीमाफी मिळाली, तर त्यात चूक काय? स्पर्धा फेअर राहावी म्हणून तिनं जवळच्या कमकुवत शाळेतच राहायचं का?

या तिसऱ्या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ. आधी राज्यांनी काय काय करून पाहिलं ते बघू.

उपाय पहिला: वेगळ्या चुली

सर्वात सोपा मार्ग, दोघांच्या स्पर्धा वेगळ्या करा. टेक्सासमध्ये सरकारी शाळांची संघटना वेगळी आहे आणि खासगी शाळांची वेगळी. तिथेही २००३ पासून डॅलस आणि ह्यूस्टनमधल्या दोन मोठ्या जेझुइट शाळांना सरकारी शाळांच्या संघटनेत खेळू दिलं जातं. व्हर्जिनियातही दोन चुली आहेत. न्यू जर्सीत संघटना एकच आहे, पण राज्य अजिंक्यपदाचे गट वेगळे. टेनेसीनं १९९७ मध्येच ठरवलं की खेळाडूंना फीमाफी देणाऱ्या खासगी शाळा वेगळ्या विभागात खेळतील.

अडचण काय? राज्यात सर्वात भारी टीम कोणती, याचं उत्तर मिळत नाही. न्यू जर्सीत बास्केटबॉलचे सगळे गटविजेते एकमेकांशी खेळायचे आणि एक महाविजेता ठरायचा. २०२२ नंतर ती स्पर्धाच बंद झाली. शिवाय ज्या राज्यात खासगी शाळा मोजक्याच आहेत, तिथे त्यांनी खेळायचं कुणाशी? मॅचसाठी दर आठवड्याला तीन-चार तासांचा बसप्रवास करायचा का?

उपाय दुसरा: गुणाकार

इलिनॉयनं २००५ मध्ये वेगळी युक्ती काढली. हद्द नसलेल्या शाळेची विद्यार्थीसंख्या १.६५ नं गुणायची आणि येणाऱ्या आकड्यावरून गट ठरवायचा. म्हणजे ६०० मुलांची खासगी शाळा ९९० मुलांची धरली जाणार आणि मोठ्या शाळांशी खेळणार. अलाबामानं त्याआधीच १.३५ चा गुणक वापरायला सुरुवात केली होती.

दिसायला सुटसुटीत. पण १.६५ च का? १.५ का नाही? २ का नाही? आणि वर्षानुवर्षं हरणाऱ्या छोट्या खासगी शाळेलाही तोच गुणक लावणं म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळणं. म्हणून इलिनॉयला पुढे सवलत आणावी लागली. ज्या शाळेला अलीकडे यश मिळालेलं नाही, तिला गुणक माफ.

उपाय तिसरा: जिंकलात? वरच्या गटात जा

इंडियानानं सरकारी-खासगी हा शब्दच काढून टाकला. २०१३ पासून तिथे यशाचे गुण मोजायला सुरुवात झाली. स्थानिक फेरी जिंकली की १ गुण, राज्य विजेतेपदाला ४. दोन वर्षांत एखाद्या खेळात ६ गुण झाले की त्या खेळातली टीम वरच्या गटात. शाळा कुणाची आहे याच्याशी देणंघेणं नाही.

यात एक खोच आहे. जी मुलं जिंकली ती पास होऊन गेली. वरच्या गटात मार खायला उरतात त्यांच्या मागची मुलं. ज्या शाळेला दरवर्षी नवे दमदार खेळाडू मिळतात तिला फरक पडत नाही. गावातल्या शाळेला दहा वर्षांतून एकदा चांगली बॅच मिळाली, तर पुढच्या बॅचला त्याची किंमत मोजावी लागते.

उपाय चौथा: पाटी नको, टीम बघा

ओहायोची गोष्ट मला यात सगळ्यात रंजक वाटते. तिथे नियम बदलायचा तर सभासद शाळांचं मतदान होतं, एका शाळेला एक मत. स्पर्धा वेगळ्या करण्याचे प्रस्ताव १९७८ आणि १९९३ मध्ये शाळांनी फेटाळले होते. मग 'स्पर्धात्मक समतोल' नावाची नवी योजना आली. २०११ मध्ये ती थोडक्यात पडली. २०१२ मध्ये पडली. २०१३ मध्येही पडली. दरवेळी मसुदा बदलला. शेवटी २०१४ मध्ये मंजूर झाली आणि २०१७ पासून लागू झाली.

या योजनेत टीममधलं एकेक मूल मोजतात. सरकारी शाळेच्या टीममध्ये हद्दीबाहेरून आलेलं मूल असेल, किंवा खासगी शाळेच्या टीममध्ये नेहमीच्या ठरलेल्या प्राथमिक शाळांऐवजी दुसरीकडून आलेलं मूल असेल, तर त्या प्रत्येकासाठी शाळेच्या विद्यार्थीसंख्येत जादा आकडा मिळवायचा. खेळानुसार हा आकडा बदलतो. मग जी एकूण संख्या येईल त्यावरून गट.

जॉर्जियानंही याच दिशेनं पाऊल टाकलं. तिथे २०२२ पासून हद्दीबाहेरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिप्पट मोजायला सुरुवात झाली, शाळा सरकारी असो वा खासगी. ५०० मुलांच्या शाळेत १०० मुलं बाहेरची असतील तर हिशेब ४०० अधिक ३०० म्हणजे ७००. पण यावर नाराज होऊन काही खासगी शाळा संघटना सोडून गेल्या. २०२४ पासून छोट्या गटांमधल्या खासगी शाळांसाठी तिथे वेगळी प्लेऑफ सुरू झाली. फिरून पुन्हा वेगळ्या चुली.

उपाय पाचवा: गरिबीही मोजा

मिनेसोटानं प्रश्नाची दुसरीच बाजू धरली. ज्या घरांचं उत्पन्न कमी आहे, तिथल्या मुलांना अमेरिकेत शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवण मिळतं. मिनेसोटात गट ठरवताना अशा मुलांच्या ४० टक्के संख्या एकूण आकड्यातून वजा करतात. १,००० मुलांच्या शाळेत ५०० मुलं सवलतीचं जेवण घेत असतील तर ती शाळा ८०० ची धरायची.

यामागचा विचार कुणालाही पटेल असा आहे. ज्या मुलाला शाळा सुटल्यावर कामावर जायचंय किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायचंय, तो सरावाला येत नाही. नवे बूट, उन्हाळी शिबिराची फी, खासगी कोच, सगळ्याला पैसे लागतात. शाळेच्या पटावर नाव असणं आणि टीमसाठी उपलब्ध असणं यात फरक आहे.

सरकारी शाळा धुतल्या तांदळासारख्या?

नाही. आणि इथेच या वादातली सोपी मांडणी कोसळते.

कॅलिफोर्नियातल्या डे ला साल या कॅथलिक शाळेनं १९९२ ते २००४ या काळात फुटबॉलच्या सलग १५१ मॅच जिंकल्या. त्यावरही सिनेमा निघाला. ही मालिका कुणी तोडली? वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू हायस्कूलनं. ही सरकारी शाळा. सरकारी शाळेनं खासगी बलाढ्याला लोळवलं, गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण २०१६ मध्ये याच बेलव्ह्यूच्या फुटबॉल कार्यक्रमाची चौकशी झाली. काही खेळाडूंचे पत्ते खोटे असल्याचं आणि समर्थकांच्या क्लबकडून कोचना पैसे मिळत असल्याचं चौकशी अहवालात आलं. शाळेवर प्लेऑफबंदी घातली गेली. हद्द असली तरी पत्ता बदलता येतो.

काही ठिकाणी तर पत्ता बदलायचीही गरज उरलेली नाही. फ्लोरिडानं २०१६ च्या कायद्यानं मुलांना राज्यातल्या, जागा शिल्लक असलेल्या कोणत्याही सरकारी शाळेत जायची आणि लगेच खेळायची मुभा दिली. तिथे हद्द हा शब्दच सैल झाला. त्यात आता बहुतेक राज्यांत शाळकरी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवायची परवानगी आहे. कोणत्या शाळेत खेळलं तर जास्त लोक बघतील, हा हिशेब घरोघरी सुरू झालाय.

आणि खासगी विरुद्ध खासगी? बाल्टिमोरमधली सेंट फ्रान्सिस अकॅडमी ही १८२८ मध्ये कृष्णवर्णीय मुलींच्या शिक्षणासाठी सुरू झालेली कॅथलिक शाळा. तिची फुटबॉल टीम इतकी जबरदस्त झाली की २०१८ मध्ये तिच्या लीगमधल्या इतर शाळांनी तिच्याशी खेळायलाच नकार दिला. आमच्या मुलांना इजा होईल, असं त्यांनी कारण दिलं. या सगळ्या खासगीच शाळा होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच श्रीमंत वस्तीतल्या. सेंट फ्रान्सिसची मुलं बहुतांश गरीब आणि कृष्णवर्णीय. मुद्दा खरंच सुरक्षेचा होता की आजवर आपण जिंकायचो आणि आता ते जिंकतायत याचा, यावर मोठा वाद झाला. दुसरी बाजूही होती. या टीममागे एका श्रीमंत कोचचा पैसा होता आणि खेळाडू लांबलांबून येत होते.

म्हणजे फेअर-अनफेअरची रेष सरकारी आणि खासगी यांच्यामधून जात नाही. ज्या शाळेला खेळाडू निवडता येतात आणि जिला येतील त्या मुलांवर भागवावं लागतं, त्या दोघींच्या मधून ती जाते. बहुतेक वेळा पहिली खासगी असते आणि दुसरी सरकारी, म्हणून भांडणाला ते नाव पडलंय.

आणि त्या पत्राचं काय झालं?

आता ब्रेंटवुडच्या कोचचं पत्र पुन्हा वाचा. संघटनेचा नियम होता की शाळांनी खेळासाठी मुलांना गळाला लावायचं नाही. शाळेचं म्हणणं होतं, आम्हाला कुणाशीही बोलायचं स्वातंत्र्य आहे, ते संविधानानंच दिलंय.

२००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की ही संघटना नावाला खासगी असली तरी तिचे बहुतेक सभासद सरकारी शाळा आहेत, त्यामुळे सरकारला लागू असणारी संविधानाची बंधनं तिलाही लागू. हा शाळेचा विजय होता. पण २००७ मध्ये कोर्टानं मूळ प्रश्नावर संघटनेच्या बाजूनं निकाल दिला, तोही एकमतानं. शाळा आपणहून या संघटनेत आली आहे, तेव्हा तिनं खेळाचे नियम पाळावेत. आठवीतल्या मुलावर कोचच्या शब्दाचा किती दबाव येतो, हेही कोर्टानं लक्षात घेतलं.

१३-१४ वर्षांच्या मुलाच्या हातात 'तुमचा कोच' अशी सही असलेलं पत्र पडलं, तर 'नको' म्हणणं त्याला जमेल का? हा नियम ट्रॉफीसाठी होता तसा त्या मुलासाठीही होता.

आपल्याकडे काय?

आपल्याकडची विभागणी अमेरिकेसारखी नाही. झेडपी आणि पालिकेच्या शाळा आहेत, विनाअनुदानित इंग्रजी शाळा आहेत, आणि मधे अनुदानित शाळांचा मोठा पट्टा आहे. या शाळा चालवते खासगी संस्था, शिक्षकांचा पगार देतं सरकार. क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालचे वयोगट असतात, तालुका ते राज्य अशा पायऱ्या असतात, पण शाळेच्या पटसंख्येनुसार गट नसतात. तालुक्याच्या स्पर्धेला गेलेल्या कुणालाही हे चित्र माहीत असतं. एका टीमला ट्रॅकसूट आणि स्वतःची बस, दुसरी टीम एसटीनं आलेली आणि शाळेच्या गणवेशात. आणि इथेही पणाला बरंच काही लागलेलं असतं, कारण खेळातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये तर चांगला खेळाडू चांगल्या टीमच्या शाळेत जातो, यात कुणाला वावगं वाटत नाही. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्यानं तो दादरच्या शारदाश्रममध्ये आला, कारण तिथे क्रिकेट होतं. पुढे १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमकडून त्यानं आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो.

आता हीच गोष्ट अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या नियमपुस्तकाशी ताडून बघा. खेळासाठी शाळा बदलली, तर कित्येक ठिकाणी खेळाडूला काही काळ बाहेर बसवतात. त्या नियमानं सचिनलाही कदाचित बाकावर बसावं लागलं असतं.

आणि समोरची बाजू? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं आंतरशालेय मॅचमध्ये नाबाद १००९ धावा केल्या आणि जगभर बातमी झाली. त्याची खेळी मोठी होतीच. पण त्या मॅचमध्ये समोरची टीम ३१ आणि ५२ धावांत बाद झाली होती. त्यांच्या टीममध्ये वयानं बरीच लहान मुलं होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. १,४६५ धावा होईपर्यंत उन्हात चेंडू आणायला धावणाऱ्या त्या मुलांना खेळातून काय मिळालं, हे फार कुणी विचारलं नाही.

मग फेअर काय?

आता त्या तिसऱ्या मुद्द्याकडे येऊ. यात दोन न्याय एकमेकांसमोर उभे आहेत. एक, मुलाला न्याय: हुशार खेळाडूला पुढे जायची वाट मिळाली पाहिजे, मग त्यासाठी शाळा बदलावी लागली तरी चालेल. दुसरा, मॅचला न्याय: समोरच्या टीमला जिंकायची थोडी तरी शक्यता असली पाहिजे. पहिल्या न्यायासाठी दारं उघडावी लागतात. दारं उघडली की खेळाडू मोजक्या शाळांत गोळा होतात आणि दुसरा न्याय बिघडतो.

मला तरी वाटतं, यातून निघायचा सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न ओहायो आणि मिनेसोटाचा आहे. या योजनेत ओहायो मुलाला अडवत नाही. पण त्याला घेणाऱ्या शाळेला सांगतं, तुम्ही बाहेरून खेळाडू आणलेत, आता तुमच्या तोलाच्या शाळांशी खेळा. मिनेसोटा गरीब शाळेला सांगतं, तुमच्या पटावरची सगळी मुलं मैदानावर येऊ शकत नाहीत हे आम्हाला माहीत आहे. दोन्ही ठिकाणी मुलाची वाट मोकळी राहते आणि बदलतो तो फक्त शाळेचा गट. आकडेमोड किचकट होते, पालक वैतागतात, तरीही.

सरसकट गुणक किंवा सरसकट वेगळी स्पर्धा सोपी असते, पण ती शाळेच्या पाटीकडे बघते. पाटी बघून बेलव्ह्यू सुटते आणि गल्लीतली ८० मुलांची गरीब कॅथलिक शाळा अडकते.

पुढच्या वेळी एखाद्या शालेय स्पर्धेचा १२-० किंवा ३०० धावांच्या फरकाचा निकाल तुमच्या फीडवर आला, तर लाइक करायच्या आधी तीन गोष्टी बघा. जिंकलेल्या टीममधली मुलं कुठून आली? हरलेल्या टीमकडे सरावाला मैदान आणि वेळ होता का? आणि या दोघांना एकाच गटात टाकायचं कुणी ठरवलं? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्या दोघांचं आपोआप मिळतं.